बाभळीच्या मानेची गिटार

हिंगोलीकडच्या गोरेगावला जीपमधून उतरलो आणि डोळ्यांच्या आधी नाकानं ओळखलं. कुठंतरी हळद शिजत होती. धूर दिसत नव्हता, शिजवायची काहील दिसत नव्हती, पण वास सगळ्या फाट्यावर पसरला होता. हा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगणं अवघड आहे. थोडा उकडलेल्या रताळ्याचा, थोडा ओल्या मातीचा, आणि वरून औषधासारखी कडवट झाक. पुण्यात मला कधीकधी किराणा दुकानात हळदीच्या पोत्यापाशी उभं राहून तो आठवायचा प्रयत्न करावासा वाटतो, पण दळलेल्या हळदीत तो नसतो. तो फक्त शिजताना येतो आणि शिजून झाली की जातो.

पाठीवर गिटार होती. चढताना जीपवाल्यानं ती टपावर टाकायला हात पुढे केला होता आणि उचलताच खाली ठेवली होती.

"यात लोखंड भरून आणलं का काय?"

"न्हाई, बाभूळ हाय," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढं काही सांगावंसं वाटलं नाही.

खरं म्हणजे गिटार घेऊन गावी यायचं काही कारण नव्हतं. सोमवारी पुण्यात ती एका कारागिराकडे द्यायची होती. आमच्या बँडची पहिली सीडी निघणार होती. चौदा वर्षं वाजवल्यावर एकदाची निघत होती, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते. "सातवा पडदा चुकीच्या जागी आहे. एवढी वर्षं वाजवलं कसं तुम्ही यावर?" तो म्हणाला. मी म्हणालो, सवयीनं. मग तो पडदा, म्हणजे मानेवरची ती आडवी पट्टी, उपटून योग्य जागी बसवायचा असं ठरलं. मीही मान डोलावली. बाकीच्या तिघांनी तर टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनी चौदा वर्षं त्या पडद्यावरून माझी खेचली होती.

तेवढ्यात मायचा फोन आला. "शनिवारी शेवटची काहील उतरून राहिली. येतोस का?" दरवर्षी विचारते. दरवर्षी मी काहीतरी सबब सांगतो. या वेळी हो म्हणालो आणि निघताना गिटार पाठीला लावली. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ही गिटार जन्मली ती हळदीच्याच दिवसांत. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. हळदही सगळ्यांकडे नव्हती. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी टिकायचं त्याच्याच शेतात. आमच्या विहिरीला टिकायचं. माघ सरत आला की हळद खणायला लागायचे, आणि मग महिना-दीड महिना घरात दुसरा विषय नसायचा. खणलेली हळद मोडायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मोठ्या पसरट काहिलीत शिजवायची, वर हळदीचाच पाला आणि ओलं गोणपाट टाकायचं. काडी टोचून ती आरपार गेली की काहील उतरवायची. मग अंगणभर वाळवण. मग पत्र्याच्या भोकं पाडलेल्या ड्रममध्ये घालून दांडा फिरवायचा, म्हणजे साल निघून हळद चकाकते. त्या ड्रममधून जो भुसा उडायचा तो सगळ्यांवर बसायचा. बैल पिवळे, कोंबड्या पिवळ्या, आमच्या पापण्या पिवळ्या. माझ्या बारावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकेवरही बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. ते बघून परीक्षकाला दया आली असावी असा माझा संशय आहे, कारण भूगोलात मी पास झालो.

गिटारचं वेड मला हिंगोलीत लागलं. मावसभावाच्या खोलीवर केबल होती. तिच्यावर एकदा कुठलातरी परदेशी बँड दिसला. लांब केसांचा एक माणूस डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या हातातलं वाद्य किंचाळत होतं, हुंदके देत होतं, मध्येच कण्हत होतं. आजूबाजूची माणसं त्याला गप्प बस म्हणत नव्हती, उलट नाचत होती. मला हे फारच आवडलं. आमच्या घरात कुणी मोठ्यानं रडत नसे. बापू तर मोठ्यानं हसतही नसत. त्यांचं जे काय असायचं ते पेटीवर.

बापू म्हणजे माझे वडील. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. शेतातून आले, हातपाय धुतले की देवळात. बोलायला अगदी कमी. एखादी गोष्ट पसंत पडली तर "बराबर" म्हणायचे, नाही पडली तर काहीच म्हणायचे नाहीत. माझ्या गिटारच्या वेडाविषयी ते काहीच म्हणाले नव्हते, त्यामुळे मी काय ते समजून होतो.

बारावीचा शेवटचा पेपर दिला आणि मी किसनमामांकडे गेलो. किसनमामा गावचे सुतार. मायच्या माहेरगावचे, म्हणून मामा. तिफण, वखर, गाडीचं जू यात त्यांचा हात धरणारा आसपास नव्हता. मी त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. किराणा बांधून आलेली वर्तमानपत्राची रंगीत पुरवणी होती, तिच्यात इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या माणसाचा फोटो होता. मामांनी कागद उजेडाला धरला.

"हे मधात गोल हाय ते कशाचं?"

"ते तेलाचा डाग हाय, मामा."

"मंग त्याला सोडून देऊ," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्याकडे एका जुन्या पलंगाची आंब्याची फळी पडून होती, तिचं अंग झालं. मानेला मात्र ते आंबा घेईनात. तारा ओढणार म्हणजे जोर येणार, जोर येणार तिथं बाभूळ पाहिजे, असा त्यांचा हिशेब. जू बाभळीचं असतं, नांगर बाभळीचा असतो, तर हे का नाही? अशी माझ्या गिटारला बैलाच्या जुवाची मान मिळाली. आजतागायत ती वाकलेली नाही. माझा डावा खांदा मात्र वाकला आहे.

मग पडद्यांची वेळ आली. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये बोट दाबलं की सूर बदलतो, एवढं मला माहीत होतं. पट्ट्यांसाठी सायकलचे स्पोक कापून, एका बाजूनं कानशीनं घासून तयार ठेवले होते. मामा बराच वेळ फोटो न्याहाळत बसले.

"यातली घरं एकापरीस एक बारीक होत गेलीत."

"तसंच असतंय वाटतं, मामा."

"असं कसं असंल? शिडीच्या पायऱ्या कुणी लहान-मोठ्या करतंय का? फोटोवाल्यानं तिरपा काढलाय." त्यांनी मला हाताला धरून दारात आणलं आणि साखरा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे विजेचे खांब दाखवले. "बघ. जवळचा केवढा, लांबचा केवढा? म्हणून लांबचा खांब काय बुटका हाय? लांबचं बारीकच दिसून राहतं."

मी नुकताच पदार्थविज्ञानाचा पेपर देऊन आलेला मुलगा. मला ते शंभर टक्के पटलं. मामांनी सुतळीला समान घड्या घालून मानेवर खुणा केल्या, करवतीनं खाचा पाडल्या आणि स्पोक ठोकून बसवले. सगळी घरं सारखी, एकदम देखणी. फोटोवाल्याची चूक आम्ही दोघांनी मिळून सुधारली होती.

तारा आणि त्या पिळायच्या खुंट्या नांदेडहून आणल्या. आता राहिला आवाज. त्यासाठी गोरेगावच्या बाजारात मुनीरचाचांकडे गेलो. जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की अख्खा इलाखा त्यांच्या दारात यायचा. मी सांगितलं, लोहचुंबकाभोवती बारीक तार गुंडाळायची, म्हणजे वरच्या तारेचा आवाज त्यात उतरतो. कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं.

"मोटर में तार भरते तो पानी आता," चाचा म्हणाले. "इसमें क्या आयेगा?"

"आवाज येईल, चाचा."

"आवाज? आवाज तो जली हुई मोटर का बी आता."

पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. त्यांनी फाटक्या स्पीकरचं चुंबक काढलं, मेलेल्या रेडिओतून केसासारखी तार सोडवली आणि स्वतःच्या गुंडाळायच्या यंत्रावर बसले. ओठांनी वेढे मोजत होते. समोर चहा आला तरी मान वर केली नाही. एक शेतकरी जळकी मोटार खांद्यावर घेऊन आला, त्याला नुसतं बोट दाखवून थांबवलं. तो बिचारा मोटार खांद्यावरच घेऊन उभा राहिला. आणि इतक्यात मी विचारलं, "चाचा, अजून किती?" चाचांचे ओठ थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "गिनती गई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले आणि म्हणाले, "जितनी भर गई उतनी सही." आजही कुणी विचारतं, या गिटारचा आवाज असा जाड कशामुळे, तर मला खरं उत्तर माहीत आहे. नेमके किती वेढे आहेत ते कुणालाच माहीत नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे.

चाचांनी एक जुना अॅम्प्लिफायर आणि खोक्यातला स्पीकर वापरायला दिला. अंगणात वाळवण पसरलं होतं, बापू ड्रमचा दांडा फिरवत होते. मी ओसरीवर बसून बटण दाबलं आणि पहिल्यांदा तार छेडली. कोंबड्या उडाल्या. ड्रम थांबला. माय चुलीपासून धावत आली.

"त्याला काय होऊन राहिलं रे? दुखतंय का त्याला?"

मला तर तो आवाज स्वर्गातला वाटला. विहिरीवरची मोटार सुरू झाली की गिटार हात न लावताही गुणगुणायची, म्हणजे आमचं पाणी आणि माझं संगीत एकाच लायनीवर होतं. पण दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की काहीतरी भलतंच बिघडलंय. पहिली दोन घरं बरी वाजत. तिसऱ्यापासून सूर हळूहळू वाट सोडायचा, आणि सातव्या-आठव्यापर्यंत तो कुठल्या गावी पोचायचा ते देव जाणे. साधं एक भजन वाजेना. मला वाटलं, दोष माझा आहे. पेटीवाल्याच्या पोटी बेसूर पोरगं जन्मलं. आठवडाभर मी कुणाशी बोललो नाही. गोठ्यात जाऊन चक्क रडलो. मोठ्यानं नाही, आमच्या घरच्या पद्धतीनं.

आणि शेवटच्या काहिलीच्या दिवशी ठरवलं की हिला जाळून टाकायची. बाभूळ चांगली जळते. भर दुपारी गिटार उचलली आणि भट्टीकडे निघालो. काहिलीखाली कापसाच्या पऱ्हाट्या धडधडत होत्या. बापू हातात काडी घेऊन उभे होते. त्यांनी मला बघितलं, गिटारकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

"खाली ठेव ते. पहिले काहील उतरू दे."

काहील उतरली. वाफेनं सगळा मळा भरला. बापूंनी हात धुतले, धोतराला पुसले आणि गिटार मांडीवर घेतली. उलटी घेतली होती, पण मी काही बोललो नाही. सगळ्यात बारीक तारेवर अंगठ्यानं एकेक घर दाबत ते वर गेले, मान थोडी तिरकी करून. शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

"पोरगं बेसूर न्हाई," ते म्हणाले. मला नाही, त्या गिटारला सांगितल्यासारखं. "हिची घरं बेसूर हायेत. जा, किसनला बलाव. अन् पेटी काढ."

तो चैत्रातला दिवस मला इतका स्पष्ट आठवतो की त्याच्या आसपासचे दिवस पुसट झाले आहेत. अंगणात पिवळ्याधमक हळदीच्या मधोमध घोंगडी टाकलेली. तिच्यावर बापू पेटी घेऊन, समोर मी गिटार घेऊन, बाजूला किसनमामा कानाला पेन्सिल लावून. मामांनी ठोकलेले स्पोक उपटले होते आणि खाचा लाकडाचा भुसा नि सरस भरून बुजवल्या होत्या. ते जरा शरमले होते. "फोटोवाल्यानं सरळच काढला होता म्हणायचं," एवढंच बोलले.

बापू पेटीवर एक सूर धरून ठेवत. मी स्पोकचा एक सुटा तुकडा तारेखाली सरकवत जाई, इंच इंच, मग रेघ रेघ, आणि तार पेटीशी जुळली की बापू म्हणत, "बराबर." मामा तिथं पेन्सिलची खूण करत. पुढचा सूर. सरकव, सरकव. "बराबर." खूण. घरं खरोखरच एकापरीस एक बारीक होत चालली होती. असा सूर्य कलेपर्यंत बारा वेळा बापू मला बराबर म्हणाले. त्याआधीच्या अठरा वर्षांत सगळं मिळून तेवढ्या वेळा म्हणाले असतील का, शंका आहे.

आता त्या पेटीविषयी सांगायला हवं. जुनी, एकेरी सुरांची पेटी होती, आणि घरात जिथं हळद ठेवायची त्याच खोलीत ती असायची. मी लहान असताना तिच्या सातव्या पांढऱ्या पट्टीचा सूर भुशानं बसला होता. बापूंनी पेटी उघडून त्या सुराची पितळी जीभ ब्लेडनं खरवडली. भुसा निघाला, पण जरा मुळाशी जास्त खरवडलं गेलं आणि सूर उतरला. केसभरच. तो पुन्हा कधी चढला नाही. मंडळातली माणसं त्याच पेटीबरोबर रोज गात होती. हळूहळू त्यांचे गळेही त्या जागी केसभर खाली यायला लागले. वर्षभरात अख्खं गाव तिथं खाली गात होतं आणि कुणाला ते कळत नव्हतं. बाहेरगावचे भजनी सप्ताहाला आले की तेवढ्या जागेवर एकमेकांकडे बघायचे. आम्हाला वाटायचं, पाहुण्यांचं जरा चढतंय.

माझ्या गिटारचा सातवा पडदा त्या सुरावर लागला.

मला ते कळलं पुण्यात. जूनमध्ये मी डिप्लोमाला गेलो, ऑगस्ट येईतो एका बँडमध्ये शिरलो. बँडचं नाव इंग्रजीत होतं. मायला त्याचा अर्थ सांगावा अशी वेळ येऊ नये म्हणून मी नेहमी जपलो. पहिल्याच तालमीत ड्रमवाला म्हणाला, तुझा एक सूर गावाकडचा लागतो. मी तिथं तार बोटानं जराशी वर ढकलायला शिकलो. ढकललं की ताण वाढतो आणि सूर जागेवर येतो. हे इतक्या वेळा केलं की बोटाला ती सवयच जडली. सातवं घर आलं की बोट आपोआप ढकलायचं. गंमत म्हणजे लोकांना ते आवडायला लागलं. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, हॉटेलांत, एकदा तर मुंबईहून आलेल्या एका माणसानंही म्हटलं, तुमच्या त्या सुरात एक कळ आहे. मी नम्रपणे हसलो. एका ब्लेडची ती करामत होती हे काय सांगणार?

एवढीच माझी रॉक गिटारवाल्याची जिंदगी. दिवसा क्लासमध्ये मुलांना शिकवायचं, संध्याकाळी वाजवायचं. पोस्टरवर तीन-चारदा फोटो आला. एकाही फोटोत डोकं पूर्ण आलं नाही, गिटार मात्र दर वेळी आली. नवी गिटार घ्यायची ऐपत पुढं झाली, दोन घेतल्याही. पण मोठा कार्यक्रम असला की हीच काढायचो.

गावी मात्र तिला एकदाही नेलं नाही. जड आहे, गाडीत तुटेल, कशाला उगाच. मी दिवाळीला जायचो, दोन दिवस राहायचो. जीपमधून उतरलो की बापू फाट्यावर उभे असायचे. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारायचे, "आणली का?"

"न्हाई, पुण्यालाच हाय."

"बरं," म्हणायचे आणि पिशवी घ्यायचे. मला वाटायचं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात. दर वेळी विचारायचे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतही विचारलं. त्या वर्षीच्या हळदीला ते नव्हते.

त्यांच्यामागं पेटी देवळात दिली होती. पुढच्या पावसाळ्यात उंदरांनी भाता कुरतडला आणि मग कुणीतरी तिचे सूर मोडीत काढले. हे मला खूप उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी पुण्यात एका चहाच्या दुकानात उभा होतो. कप खाली ठेवला आणि तसाच निघून गेलो.

तर शनिवारी शेवटची काहील उतरली. आता भट्टी लोखंडी आहे, वाफेवर शिजवायचं नवं यंत्रही पलीकडच्या मळ्यात आलंय, पण माय काहिलीचा हट्ट सोडत नाही. शेवटची काहील उतरली की दिवेलागणीला आमच्या अंगणात भजन व्हायचं, ही बापूंची पद्धत. तीही तिनं सोडलेली नाही. मंडळी आली. टाळ आले, पखवाज आला. पेटीच्या जागी एक कीबोर्ड आला. मंडळानं गेल्या वर्षी घेतलेला, आणि तो वाजवायला गावातल्या शाळेतले एक नवे गुरुजी, परभणीकडचे. चांगले वाजवत होते. मी खांबाला टेकून ऐकत होतो.

दुसऱ्याच भजनात ती जागा आली. आठ-दहा म्हातारे गळे एकदम केसभर खाली गेले, जसे पंचवीस वर्षं जात होते, आणि कीबोर्डचा सूर होता तिथंच राहिला. टोचलं. गुरुजींनी मान वर करून बघितलं. पुन्हा ती जागा आली, पुन्हा टोचलं. म्हातारे गडबडले. एकानं वर जायचा प्रयत्न केला, दुसरा खालीच राहिला, आणि भजन मधेच फाटल्यासारखं झालं. टाळ तेवढे वाजत राहिले. बापू जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मला ते त्या क्षणी गेल्यासारखं वाटलं.

भजन संपल्यावर किसनमामा उठून माझ्याजवळ आले. आता त्यांना कमी दिसतं. त्यांनी चाचपडत खांबाला टेकवलेल्या गिटारच्या मानेवर हात ठेवला आणि बोटांनी पडदे मोजत गेले. सातव्यावर थांबले.

"हे घर जरा मागं हाय, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय, मामा. सोमवारी सरळ करायला देऊन राहिलो."

"त्या दिशी खूण करताना मलाबी दिसलं होतं. जवारीच्या दाण्याएवढं मागं. तू पाणी आणायला गेला होतास. मी बापूला म्हणलो, बाकीची घरं कशी ओळीनं बारीक होत गेली, हे एकच चुकून राहिलं. पुढं सरकवू का?" मामांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "बापू म्हणले, ऱ्हाऊ दे, किसन. माझ्या पेटीचा सूरच तिथं हाय. पोरगं आपल्यात बसलं तर गावासंगं वाजलं पाहिजे. दुसरीकडं वाजवायचं असंल तर तकलीफ होईल त्याला, पण घेईल जुळवून."

दर दिवाळीला फाट्यावर उभा राहून विचारणारा माणूस काय विचारत होता, ते चौदा वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलं. ते कधी म्हणाले नाहीत की भजनाला बस. म्हणाले असते तर बसलो असतो का, हेही मला खरं सांगता येत नाही. त्यांनी जागा धरून ठेवली होती, एवढंच. लाकडात.

किसनमामा सतरंजीवर परत गेले, आणि बसले ते नेहमीच्या जागेपेक्षा जरा सरकून. गुरुजींच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी झाली. मायनं ओसरीवरून आतली वायर आणून दिली. मुनीरचाचांचा तो जुना अॅम्प्लिफायर तिनं अजून फडक्यात बांधून ठेवला होता. गुरुजी समजूतदार माणूस. त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं आणि टाळ हातात घेतले.

मी बसलो. अंगणात हळदीचा वास होता, भट्टीतला विस्तव अजून लाल होता. तेच भजन पुन्हा सुरू झालं. मी बारीक तारेवरच वाजवत होतो, कारण घरं त्याच तारेवर लावली होती. ती जागा जवळ आली तसा मला घाम फुटला. हजार लोकांसमोर कधी फुटला नव्हता. बोट सवयीनं ढकलायला निघालं, आणि मी ते धरून ठेवलं. नुसतं दाबलं. तार होती तिथं राहिली, आणि आठ-दहा म्हातारे गळे वरून खाली आले आणि तिच्यावर अलगद बसले. कुठंच टोचलं नाही.

पुढच्या फेरीला पुन्हा ती जागा आली. पुन्हा नुसतं दाबलं. शेजारी टाळ धरून, डोळे मिटून किसनमामा गात होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाणं न थांबवता मान जराशी तिरकी केली आणि दोन ओळींच्या मध्ये हळूच म्हणाले,

"बराबर."